किनाऱ्यावरील सावलीची झाडे : उंडी आणि भेंड

मे महिन्यात भर दुपारी तारकर्ली, देवबाग, तोंडवळी किंवा आचरे येथील पुळणीवर जो उभा राहिला आहे त्याला सावलीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रापणीची जाळी दुरुस्त करणारे मच्छीमार, मासळी सुकविणाऱ्या व विकणाऱ्या स्त्रिया, एस. टी.ची वाट पाहणारे उतारू, मधल्या सुट्टीतील शाळकरी मुले आणि दावणीची गुरे ह्या सर्वांना दिवसाचे चार-पाच तास कोठेतरी आसरा शोधावा लागतो. माडाची सावली विरळ असते आणि सूर्याबरोबर सरकत जाते. शिवाय नारळ व चुडते केव्हा खाली येतील ह्याचा नेम नसल्यामुळे माडाखाली निश्चिंत बसता येत नाही. म्हणून ग्रामपंचायती, शाळा आणि खाजगी खातेदार दर पावसाळ्यात सावलीसाठी झाडे लावतात. त्यांपैकी पुष्कळशी दुसरा उन्हाळा पाहत नाहीत. जी जगतात त्यांपैकी काही पहिल्याच मोठ्या वादळात घरावर किंवा विजेच्या तारांवर कोसळतात.

ह्याचे मुख्य कारण झाडाच्या निवडीतील चूक हे होय. रोपवाटिकेत त्या दिवशी जे रोप हाती येते ते लावले जाते, आणि जे भराभर वाढते ते चांगले असा समज असतो. गुलमोहोर हा मूळचा मादागास्कर बेटावरचा व पर्जन्यवृक्ष हा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. दोन्ही झाडे थोड्या वर्षांत डोक्यावर छत्र धरतात ही गोष्ट खरी. परंतु गुलमोहोराचे लाकूड ठिसूळ, दोहोंची मुळे उथळ, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा ह्यांच्या पानांना मानवत नाही. शिवाय गुलमोहोराची पाने नेमकी उन्हाळ्यात, म्हणजे सावलीची खरी गरज असते तेव्हाच, झडलेली असतात. मे 2021 मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर असे उत्तरेकडे सरकत गेले. त्या वेळी मालवण, वेंगुर्ले व देवगड ह्या तालुक्यांत असंख्य झाडे आणि विजेचे खांब उन्मळून पडले व कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. नोव्हेंबर 2009 मधील 'फयान' वादळाची आठवणही किनाऱ्यावरील वयस्क माणसांना आहे. चक्रीवादळात अमुक झाड पडणारच नाही अशी हमी कोणालाही देता येणार नाही. तथापि जी झाडे ह्याच वाऱ्यात, ह्याच वाळूत आणि ह्याच खाऱ्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत, ती सोडून परक्या झाडांमागे जाण्याचे कारण नाही.

अशी दोन झाडे मालवण किनाऱ्यावर सर्वांच्या परिचयाची आहेत : उंडी आणि भेंड. दोन्ही सदाहरित व गर्द सावलीची आहेत, आणि दोहोंना खारा वारा सोसतो. परंतु एकीच्या जागी दुसऱ्याची लागवड केल्यास निराशा पदरी येते. कारण ह्या दोन झाडांच्या मागण्या व स्वभाव पुष्कळ बाबतींत परस्परविरुद्ध आहेत. सुरूचा विचार येथे केलेला नाही. सुरूच्या रांगा वारा अडवितात व वाळू धरून ठेवतात. परंतु त्यांच्या सुईसारख्या पानोळ्यांतून ऊन गाळून खाली येते. सुरूचे काम वेगळे आहे.

ओळख

उंडीस संस्कृतात पुन्नाग असे नाव आहे. शास्त्रज्ञ तिला कॅलोफायलम इनोफायलम म्हणतात व ह्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ 'सुंदर पान' असा होतो. हे नाव सार्थ आहे. पान जाड, गुळगुळीत, वरून तेल लावल्यासारखे चकाकणारे असून मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बारीक शिरा एकमेकींना इतक्या समांतर असतात की फणीचे दात आठवावेत. पान तोडताच चीक येतो. जुन्या वर्गीकरणात उंडी ही कोकमाच्याच कुळात गणली जात असे; आता तिचे कूळ वेगळे मानतात. फुले पांढरी व सुवासिक असून त्यांच्या मध्यभागी पिवळ्या केसरांचा झुपका असतो. फळ लहान लिंबाएवढे, वाटोळे, आधी हिरवे व पिकल्यावर पिवळसर होऊन सुरकुतणारे असते. त्यावरील पातळ गर वटवाघळे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. भरतीच्या पाण्यात पडलेले फळ तरंगत दुसऱ्या किनाऱ्यास लागते व तेथे रुजते.

भेंड म्हणजे येथे भाजीची भेंडी नव्हे, आणि ज्याच्या हलक्या गाभ्याची बाशिंगे करतात ती पाणवनस्पतीही नव्हे. पारोसा पिंपळ ह्या नावाने घाटावर ओळखला जाणारा, किनाऱ्यावर व खाडीकाठी आढळणारा हा वृक्ष आहे. काही गावांत त्याला नुसते 'भेंडीचे झाड' म्हणतात. मुंबईतील भेंडीबाजाराचे नाव ह्याच झाडांच्या रांगेवरून पडले असे सांगतात. ह्याचे शास्त्रीय नाव थेस्पेशिया पॉप्युल्निया. कापूस, जास्वंद आणि भाजीची भेंडी ही सर्व ह्याची भावंडे होत, आणि ह्या नात्याचा एक तोटाही आहे; तो पुढे सांगितला आहे. पान पिंपळाच्या पानासारखे हृदयाकृती, परंतु पिंपळाइतके लांब टोक नसलेले. ह्या पानाच्या पिपाण्या न वाजविलेला मुलगा किनाऱ्यावरील वाड्यांत विरळाच. फूल सकाळी फिकट पिवळे उमलते, त्याच्या तळाशी गडद तांबडा डाग असतो, आणि दिवस कलता कलता तेच फूल जांभळट गुलाबी होऊन गळते.

ही दोन्ही झाडे एकट्या कोकणची नाहीत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत ती पसरली आहेत. दर्यावर्दी लोकांनी आपल्या होड्यांतून त्यांची बियाणी बेटाबेटांवर नेली. हवाई बेटांवर उंडीला 'कमानी' व भेंडाला 'मिलो' म्हणतात, आणि तेथेही ही झाडे सावलीसाठी घरांजवळ लावण्याची जुनी चाल आहे.

वाढीचा वेग आणि सावलीचा प्रकार

शेतकऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो की, सावली कधी मिळेल? ह्या बाबतीत भेंड उजवा आहे. पुरुषभर उंचीची जाड फांदी पावसाच्या आरंभी जमिनीत रोवली असता ती फुटते, आणि पाणी व ऊन मिळाल्यास पहिल्या काही वर्षांत दरवर्षी मीटर-दीड मीटर वाढते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिच्याखाली चार माणसे बसू शकतात. नंतर मात्र वाढ मंदावते. साधारणतः सहा ते दहा मीटर उंचीवर झाड थांबते, आणि फांद्या खालपासूनच फुटत असल्यामुळे न छाटल्यास त्याची झुडपासारखी गर्दी होते.

उंडी ही सावकाश वाढणारी आहे. चांगल्या जागीही कोवळ्या वयात ती वर्षाला अर्धा ते एक मीटर वाढते. बसण्याजोगी सावली मिळण्यास आठ-दहा वर्षे लागतात हे आधीच सांगून ठेवणे बरे. नाहीतर तिसऱ्या वर्षी कोणीतरी कंटाळून ती उपटतो. परंतु त्यानंतर ती जी सावली देते तिला तोड नाही. पूर्ण वाढलेली उंडी दहा ते वीस मीटर उंच होते व तिचा घेर कित्येकदा उंचीहून अधिक असतो. पाने दाट, जाड व बारमाही असल्याने भर वैशाखातही तिच्याखाली उन्हाचा कवडसा क्वचितच दिसतो. किनाऱ्यावरील काही जुन्या उंड्या समुद्राकडे किंवा समुद्रापासून आत झुकलेल्या असतात व त्यांच्या आडव्या खोडावर माणसे बसलेली दिसतात. झाड कलले म्हणजे ते पडणारच असे समजून ते तोडू नये. वाऱ्याशी जुळवून घेण्याची ही तिची रीत आहे.

वारा आणि मुळे

वाऱ्यात झाड दोन प्रकारांनी पडते. एक, खोड किंवा फांदी मोडते. दुसरे, मुळांसकट झाड उलथते. उंडीचे लाकूड कठीण असून त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे ते सहजासहजी चिरत नाही. होड्यांच्या कामास हे लाकूड पूर्वापार वापरले जात आले ते ह्याच गुणामुळे. बियांपासून जागेवरच वाढलेल्या उंडीस सोटमूळ असते आणि बाजूची मुळे वाळूत दूरवर पसरतात.

भेंडाचे लाकूडही टिकाऊ व चिवट आहे. पण येथे एक मेख आहे. फांदी रोवून वाढविलेल्या भेंडास सोटमूळ नसते. त्याची सर्व मुळे कापलेल्या टोकाच्या आसपास फुटून आडवी पसरतात. खाडीकाठच्या चिकट मातीत ही मुळे पुरेशी घट्ट बसतात. सैल पुळणीत मात्र असे झाड जोराच्या वाऱ्याने हळूहळू कलते, आणि एखाद्या वादळात आडवे होते. तेव्हा मोकळ्या पुळणीवर भेंड लावावयाचाच असेल, तर तो बियांचे रोप करूनच लावावा. त्यात एक-दोन वर्षे अधिक जातात, परंतु खोड सरळ वाढते व झाड बैठकीस पक्के होते. ह्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने भेंडास उगाचच नावे ठेवली जातात.

जमीन आणि पाणी

मालवण किनाऱ्यावर एका मैलाच्या आत जमिनीचे चार प्रकार भेटतात, आणि झाडाची निवड प्रामुख्याने त्यांवरून करावयाची असते.

पहिली समुद्राकडची पुळण. वाळू असल्यामुळे पाणी झरझर मुरते व पावसाचे दोन-तीन हजार मिलिमीटर पाणी चार महिन्यांत खाली जाऊन पुढे आठ महिने वरचा थर कोरडा राहतो. मात्र ह्या वाळूत काही मीटरांवर गोडे पाणी असते. देवबाग-तारकर्लीच्या उथळ विहिरी त्याच पाण्यावर चालतात. उंडीचे मूळ ह्या ओलाव्यापर्यंत पोहोचले की तिला पाणी देण्याची आवश्यकता राहत नाही. म्हणून पुळणीवर उंडीसच अग्रस्थान द्यावे. भरतीच्या रेषेलगत मात्र कोणतेच झाड लावू नये. तेथे मर्यादवेल व केवडा ह्यांची जागा आहे आणि त्यांच्या आडोशास, आतल्या बाजूस उंडी लावावी. देवबाग व तळाशील ह्यांसारख्या एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी असलेल्या अरुंद पट्ट्यांवर लाटांनी जमीन वाहून जाण्याचा प्रश्न गंभीर आहे. झाडे लावल्याने समुद्र थांबेल अशी समजूत कोणी करून देत असेल तर ती खोटी आहे. मुळे वाऱ्याने उडणारी वाळू धरतात. पायथा खणणाऱ्या लाटेपुढे मोठे झाडही टिकत नाही.

दुसरी खाडीकाठची जमीन. कर्लीच्या, कोळंबच्या व कालावलच्या खाडीलगत जेथे माती चिकट, दमट व थोडी खारट असते, तेथे भेंडाची बरोबरी दुसरे झाड क्वचितच करील. कांदळवनाच्या मागे, भरतीचे पाणी रोज न पोहोचणाऱ्या उंचवट्यावर तो आपोआपच वाढलेला दिसतो. अशा ठिकाणी उंडीही जगते, आणि थोडे दिवस पाणी साचले तरी ती सोसते. परंतु पाणी दीर्घकाळ हटत नसेल तर तिची वाढ खुंटते. येथे दोन इशारे देणे अवश्य आहे. कांदळवन तोडून त्या जागी सावलीची झाडे लावणे हा गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये व पुन्हा 2018 मध्ये कांदळवनांच्या तोडीवर कडक निर्बंध घातले आहेत. दुसरे असे की, खारभूमीच्या बांधावर भेंड रोवू नये. मुळे बांधात शिरतात, पुढे ती कुजली म्हणजे तेथे पोकळ वाटा पडतात आणि त्यांतून खारे पाणी शेतात उतरते. बांधापासून आत, गोड्या बाजूस, काही मीटर सोडून लागवड करावी.

तिसरी भरड व घराभोवतालची तांबडी जमीन. खोली मीटरभर किंवा अधिक असेल तर दोन्ही झाडे चांगली येतात व निवड आपल्या गरजेनुसार करता येते.

चौथा कातळ. उघड्या जांभ्या दगडावर दोहोंपैकी एकाचाही आग्रह धरू नये. सुरुंग लावून किंवा पहारीने खड्डा केला तरी त्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी कोंडते आणि उन्हाळ्यात भट्टी तापते. झाड कुंडीत लावल्यासारखे खुरटते. फट असलेल्या, माती साचलेल्या जागी वड, जांभूळ ह्यांसारखी झाडे तग धरतात; तेथे त्यांचाच विचार करावा.

गुरे आणि कीड

पुष्कळ झाडे पाण्यावाचून मरत नाहीत, गुरांच्या तोंडी लागून मरतात. ह्या दृष्टीने उंडीचा एक मोठा गुण आहे. तिच्या जाड, चीकयुक्त पानाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. तिला जपावयाचे ते पायदळी तुडविले जाण्यापासून व रस्त्याच्या कडेस वाहनांपासून. भेंडाचा पाला मात्र गुरे व शेळ्या आवडीने खातात. चाऱ्याच्या टंचाईत तो उपयोगीही पडतो. रोप लावले तर त्यास काटेरी कुंपण हवे. दोन-सव्वादोन मीटरचा दांडा रोवला तर त्याचे फुटवे गुरांच्या तोंडापेक्षा वर येतात व कुंपणाचा खर्च वाचतो. ज्या वाडीत गुरे मोकळी सुटतात तेथे दांडा पसंत पडतो तो ह्याच कारणाने.

भेंडाच्या नात्याचा तोटा वर सांगितला तो असा. कापसावर व भेंडीवर येणारा तांबडा ढेकण्या किडा भेंडाच्या फळांवरही पोसला जातो. झाडाखाली ह्या लाल किड्यांचे थवेच्या थवे दिसतात. माणसास त्यांचा उपद्रव नाही. परंतु शेजारी उन्हाळी भाजीचा मळा असेल, तर भेंडीच्या पिकावर ते येण्याची शक्यता असते. तेव्हा भाजीच्या वाफ्यांजवळ हे झाड लावू नये. उंडीवर अशी त्रासदायक कीड सहसा आढळत नाही.

उंडीचे दोष वेगळे आहेत. फळे गोटीसारखी कठीण व वाटोळी असून चालत्या माणसाच्या पायाखाली घरंगळतात, म्हणून एस. टी. थांब्याच्या पायऱ्या, शाळेचा व्हरांडा व चिऱ्याची पायवाट ह्यांच्या अगदी वर तिच्या फांद्या येऊ देऊ नयेत. फळांच्या हंगामात रात्री वटवाघळांचा वावर असतो. बीचा गर खाण्याचा नाही, हे मुलांस सांगून ठेवावे. चीक डोळ्यांत गेल्यास आग होते.

उत्पन्न

सावलीसाठी लावलेल्या झाडापासून उत्पन्नाची अपेक्षा बेताचीच ठेवावी. उंडीच्या सुकलेल्या गरात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते. रॉकेल सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी कोकणात हे तेल दिव्यांत जाळीत, होड्यांच्या लाकडास लावीत आणि सांधेदुखीवर व त्वचारोगांवर चोळीत. अलीकडे जैवइंधनाच्या दृष्टीने ह्या तेलाचा अभ्यास झालेला आहे. तरी चार-दोन झाडांच्या बिया विकून कोणी श्रीमंत होईल असे नाही. भेंडाच्या सालीपासून दोर होतो, लाकडापासून अवजारांचे दांडे व लहानसहान सामान होते, आणि छाटलेल्या फांद्या पुन्हा कुंपणाला लागतात. जिवंत कुंपण म्हणून त्याचा उपयोग सर्वांत मोठा आहे.

उंडीची लागवड

उंडीची ताजी, पिकून पडलेली फळे झाडाखालून वेचावीत. फार दिवस साठविलेल्या बियांची उगवणशक्ती कमी होत जाते. वरचा गर काढून टाकावा. आत लाकडासारखे कवच असते. उगवणीची सारी दिरंगाई त्या कवचामुळे होते. कवचासह पेरलेली बी उगवण्यास सुमारे दोन महिने घेते. कवचास तडा दिला तर हा काळ पाच-सहा आठवड्यांवर येतो, व कवच पूर्णपणे काढून गर पेरला तर तीन आठवड्यांत अंकुर दिसतो. लाकडी हातोडीने हलकेच ठोकून, आतील गरास इजा न करता कवच फोडणे हे थोड्या सरावाचे काम आहे. शाळेतील मुले ते लवकर शिकतात. फुटके किंवा काळवंडलेले गर टाकून द्यावेत.

पिशवी उंच घ्यावी, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जाते. आखूड पिशवीत ते तळाशी वळते व असे रोप पुढे वादळात दगा देते. वाळू, माती व कुजलेले शेणखत समभाग मिसळून पिशवी भरावी, बी जेमतेम मातीआड जाईल अशी पेरावी, आणि पिशव्या माडाच्या सावलीत ठेवाव्यात. वर्षभरात रोप लावणीयोग्य होते. जुन्या उंडीखाली आपोआप उगवलेली लहान रोपे पावसाच्या झडीत मुळाभोवतालच्या मातीसह काढून नेता येतात. चार पानांहून मोठे रोप सहसा जगत नाही, कारण त्याचे सोटमूळ तोपर्यंत फार खोल गेलेले असते.

मृगाचा पाऊस नीट सुरू झाल्यावर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात रोप लावावे. पुळणीत खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे उताणी मांडल्यास ओलावा टिकतो. घरापासून आठ-दहा मीटर व रांगेत दोन झाडांमध्ये तितकेच अंतर ठेवावे. ताज्या मासळीचे खत घालण्याचा मोह टाळावा. त्याच्या वासाने कुत्री येतात व एका रात्रीत खड्डा उकरून रोप बाहेर काढतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी व आळ्यात पाल्याचे आच्छादन अवश्य द्यावे.

भेंडाची लागवड

भेंडाचे दांडे मे महिन्याच्या अखेरीस, मनगटाएवढ्या जाडीचे, निरोगी झाडावरून तोडावेत. वरचे टोक तिरपे कापून त्यावर शेण व माती ह्यांचा लेप द्यावा, म्हणजे पाणी मुरून कुजण्याचे भय राहत नाही. सावलीत एक-दोन दिवस ठेवून मग हात-दीड हात खोल रोवून भोवतालची माती पायाने घट्ट दाबावी. वाऱ्याने दांडा हलत राहिला तर कोवळी मुळे तुटतात. म्हणून पहिल्या पावसाळ्यात त्यास दोन्ही बाजूंनी टेकू द्यावा. अंतर पाच-सहा मीटर पुरते. कुंपणासाठी याहून जवळ रोवावे. झाड पूर्ण उन्हात असावे. मोठ्या झाडाखाली लावलेला भेंड प्रकाशाच्या शोधात वाकडा वाढतो.

बियांपासून रोप करावयाचे असल्यास सुकलेली फळे फोडून बिया काढाव्यात व प्रत्येक बीच्या कडेस कानशीने किंवा चाकूने बारीक खाच द्यावी. खाच न दिल्यास उगवण विस्कळीत होते.

दोहोंचा एकत्र उपयोग

जेथे जमीन दोहोंना सोसणारी आहे आणि लोकांना सावली लवकर हवी आहे, उदाहरणार्थ शाळेचे आवार, देवळासमोरील मोकळी जागा किंवा होड्या ओढण्याच्या जागेमागचा उंचवटा, तेथे भेंड की उंडी असा वाद घालण्याचे कारण नाही. दहा-दहा मीटरांवर उंडीची रोपे लावून प्रत्येक दोन उंड्यांच्या मधोमध एकेक भेंडाचा दांडा रोवावा. उंडीचे रोप कोवळ्या वयात अर्धवट सावली सहन करते. चौथ्या वर्षापासून भेंडाखाली लोक बसू लागतात. पाचव्या-सहाव्या वर्षापासून भेंडाच्या ज्या फांद्या उंडीवर ओणवतात त्या दर मे महिन्यात छाटाव्यात. छाटणीस भेंड चांगला फुटतो, आणि तोडलेले दांडे गावातच कुंपणाला किंवा नव्या लागवडीला मिळतात. दहा-बारा वर्षांत उंडीचे छत्र जुळून आले म्हणजे मधले भेंड काढून टाकावेत. ते काढण्यास गावकरी नाखूश असतात, हा अनुभवाचा भाग आहे; म्हणून लावतानाच ग्रामपंचायतीच्या ठरावात ते केव्हा काढावयाचे हे नमूद करून ठेवावे.

उंडीच्या खालच्या फांद्या एकदम तोडू नयेत. जमिनीलगतच्या फांद्या खोडास जाडी देतात. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी खालची एखाद-दुसरी फांदी खोडाशी सपाट कापून, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत माणूस डोक्यावर टोपली घेऊन उभा राहू शकेल एवढी जागा मोकळी करावी. छाटणी पावसापूर्वी करावी आणि चीक अंगावर उडणार नाही अशा बेताने कोयता चालवावा. विजेच्या तारांखाली उंडी मुळीच लावू नये. तेथे छाटून आटोक्यात ठेवता येणारा भेंडच योग्य, आणि तोही तारेच्या नेमका खाली न लावता दोन-तीन मीटर बाजूस.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतून उंडीची रोपे हवी असल्यास मागणी आदल्या वर्षीच नोंदवावी. जूनमध्ये जाऊन मागितल्यास गुलमोहोरच हाती पडण्याचा संभव असतो. ज्या गावात एखादी जुनी उंडी आहे त्या गावाने तर रोपवाटिकेची वाटही पाहू नये. तिच्याखालच्या बिया वेचून शाळेच्या पन्नास पिशव्या भरल्या तर पुढील वर्षाची सोय होते. शंभर-दोनशे बिया साधारणतः किलोभर भरतात, तेव्हा एका टोपलीत एका गावाला पुरून उरतील एवढ्या बिया असतात.